अँपिअरची वही

आमच्या गल्लीत माणसं अँपिअरवर मोजतात.
बर्फवाला मिझहर: आठ, तेही फक्त उन्हाळ्यात.
उम्म सज्जाद, शिवणकाम: दोन.
फख्रिया: अर्धा. एकच बल्ब, पण रात्रभर.
दोन्ही पक्षांच्या कचेऱ्या: लागतील तेवढे, फुकट.

मी चासिब. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचो.
आता जनरेटर चालवतो बसऱ्यात,
जिथं नळाला खारं पाणी येतं
आणि वीज येते पाहुण्यासारखी,
चप्पल न काढता.
माझ्या वायरी छपरांवरून गुंतत गेल्यात.
कुठली कुणाची, हे मी झोपेतही सांगेन.
म्हणून तर मला अजून कुणी मारलेलं नाही.

कोपऱ्यावर पिवळ्या झेंड्यांचे लोक.
बंदर त्यांचं, म्हणजे डिझेल त्यांचं.
समोर काळ्या सदऱ्यांचे.
पोलीसठाणं त्यांचं, म्हणजे रात्र त्यांची.
आणि नदीकाठच्या राजवाड्यात परदेशी फौज.
तिचा जनरेटर तिचा तिचा,
वाळूच्या पोत्यांआड, इतका गुळगुळीत आवाजाचा
की खरं सांगतो, मला हेवा वाटतो.

दोघंही हुसैनसाठीच छाती पिटतात.
दहाव्या दिवशी एकाच देगेतला कीमा खातात,
हात मोकळे सोडून नमाज पढतात,
आणि एकमेकांबद्दल शब्दाचाही फरक न करता सांगतात:
ते राजवाड्यात जाऊन चहा पितात.
दोघंही पितात.
कोण किती साखर घेतो तेही मला ठाऊक आहे,
तिथं पेले विसळणाऱ्या पोरानं सांगितलं होतं.
तो फख्रियाचा धाकटा.
एका गुरुवारी कामावरून निघाला, घरी पोचला नाही.
पिवळे म्हणाले, काळ्यांनी नेला. काळे म्हणाले, पिवळ्यांनी.
राजवाडा म्हणाला, आमच्या यादीत असं नाव नाही.

मोहरमची सातवी रात्र. टाकीत डिझेल
एकाच कचेरीचे कर्णे चालतील एवढं.
अबू मुंतझरनं पिस्तूल माझ्या वहीवर ठेवलं,
सहज, पेपरवेट ठेवावा तसं.
मागोमाग धिरघाम आला, काळ्या सदऱ्यात.
माझाच विद्यार्थी.
सहावीत यानं दजला उलटी वाहवली होती,
समुद्राकडून डोंगराकडे.
मी लाल शाईनं लिहिलं होतं: नदीला विचारलंस का?
म्हणाला, उस्ताद, आज वायर कुणाची?
बंदूक त्याला अजून खांद्यावर नीट पेलत नव्हती.

मी मुख्य खटकाच खाली ओढला.
अख्खी गल्ली विझली.
कर्णे मुके झाले, पण मर्सिया थांबेना.
दोन्हीकडचे गळे अंधारात तसेच चालू,
आणि एका कडव्यावर येऊन, शप्पथ,
दोघांची चाल जुळली.
फार तर दोन मिनिटं.
मग कुणीतरी घोडा ओढला.
त्या उजेडात मला माझ्या वायरी दिसल्या,
मग मिझहरचं बर्फाचं दुकान,
मग धिरघाम, बसलेला,
भिंतीला टेकून, चुकीच्या दिशेनं वाहत.

उन्हाळा सरताना परदेशी गेले.
रात्री, दिवे मालवून, ट्रकांची लांबच लांब रांग.
जनरेटर सोबत नेला.
सकाळी दोन मिरवणुका निघाल्या,
दोन विजय, दोन वेगळ्या रस्त्यांनी.
उम्म सज्जादनं दोन्हीकडचे झेंडे शिवले होते,
पैसे कुणीच दिले नाहीत.

दुपारी दोघंही माझ्या दारात:
राजवाड्यापर्यंत वायर ओढ.
मी म्हटलं, ओढतो.
वहीचं नवं पान काढलं, लिहिलं: राजवाडा, साठ अँपिअर.
ग्राहकाच्या नावाची जागा कोरी सोडली
आणि दोघांपुढं पेन धरलं.

पेन अजून माझ्याच हातात आहे.
खालच्या ओळीत फख्रियाचा अर्धा अँपिअर,
सहा महिन्यांची थकबाकी.
ती मी दर महिन्याला खोडतो,
आणि बल्ब चालू आहे का,
हे गच्चीवर जाऊन बघून येतो.